फुगलेलं सील

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या बाजारात वहिनींना खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारचा टायरवाला म्हणायला लागला, आणि पुढे त्यांच्याहून वयाने मोठे गॅरेजवालेही बिनदिक्कत वहिनी म्हणू लागले. त्यांचं काम होतं जुने ब्रेक पुन्हा वापरण्यासारखे करायचं. मोटारीच्या चाकामागे एक चकती असते आणि ब्रेक दाबला की त्या चकतीला दोन्हीकडून आवळणारा एक लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. मोडीत निघालेल्या गाड्यांचे असे कॅलिपर गंजून, चिखल खाऊन दुकानात यायचे. वहिनी ते खोलायच्या, घासायच्या, आतलं रबरी सील बदलायच्या, चकतीवर दाब देणारा पिस्टन चकचकीत करून पुन्हा बसवायच्या. वहिनींच्या हातून सुटलेला कॅलिपर जुना आहे, हे घेणाऱ्याला मुद्दाम सांगावं लागायचं.

हात जितका हलका, तितकी जीभ तिखट. गिऱ्हाइकाने "चालेल ना हो नक्की?" एवढं विचारलं तरी वहिनींचा पारा चढायचा. चालणार नसता तर दिला कशाला असता, असा त्यांचा साधा हिशेब. दुकानात येणाऱ्यांना हे ठाऊक होतं, ते गप्प पिशवी उचलून चालू लागत. पण दिराने ऑनलाइन विक्री सुरू केल्यापासून मोठी पंचाईत झाली होती. तिथे गिऱ्हाईक समोर नसतं, त्यामुळे ते वहिनींना घाबरत नाही.

हे काम त्यांना शिकवलं त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी. दादा तरुणपणी या बाजारातले एक नंबरचे ब्रेकवाले. लग्नानंतर वहिनी दुपारचा डबा घेऊन यायच्या, दादा जेवेपर्यंत टेबलाशी रेंगाळायच्या, आणि रेंगाळता रेंगाळता एक दिवस त्यांनी आख्खा कॅलिपर एकटीने जोडून दाखवला. पुढे दादांची बोटं सांध्यांत आखडली, बारीक काम जमेना, तेव्हा ते टेबलावरून उठले आणि वहिनी कायमच्या बसल्या. पण दादा घरी काही बसले नाहीत. रोज सकाळी वहिनींच्या आधी येऊन त्यांचं टेबल लावायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ब्रश डावीकडे, सीलं समोर, पक्कड आणि आकडा पुसून ठेवलेले, आणि उजव्या हाताशी ग्रीसचा छोटा डबा, काठोकाठ भरून, वरून सपाट केलेला. टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला वहिनींना खपत नसे. दिराने एकदा नुसता चहाचा कप ठेवला होता, तर दोन दिवस ऐकून घेत होता.

त्या डब्यातलं ग्रीस साधं नसतं. साधं ग्रीस खनिज तेलाचं. ते ब्रेकच्या रबराला लागलं की रबर हळूहळू फुगतं. पिस्टनला घट्ट धरून बसतं, आणि पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. म्हणून ब्रेकच्या रबरासाठी वेगळं लाल ग्रीस मिळतं, एरंडेलापासून केलेलं. दादांनी वहिनींना पहिल्या दिवशी पाना हातात देण्याच्या आधी हे सांगितलं होतं, आणि नंतरही इतक्या वेळा की वहिनी वैतागून म्हणायच्या, पाठ झालंय हो मला, आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

भांडण सुरू झालं ते एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या तक्रारीवरून. त्याने शिकवायच्या गाडीसाठी वहिनींचा एक कॅलिपर ऑनलाइन मागवला होता. दीड-दोन महिन्यांनी त्याने एकच तारा दिला आणि खाली लिहिलं की चाकातून धूर आला, ही माणसं एखाद्याचा जीव घेतील. दिराने ते वाचून दाखवलं तेव्हा वहिनींच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि दिराने ते मोठ्या आनंदाने टाइप केलं: ज्याला धड ब्रेक बसवता येत नाही, त्याने दुसऱ्यांना गाडी शिकवू नये. वेबसाइटवाल्यांनी दोघांनाही आपापली बाजू मांडायला सांगितली, पैसे परत देण्याचीही तयारी दाखवली. तर या बाबाला पैसे नकोच होते. हे ब्रेक विकणं थांबवा, एवढंच त्याचं मागणं होतं. वहिनी संतापाने लाल झाल्या. दुकान बंद करायला निघालाय मेला, म्हणाल्या, एकदा समोर ये म्हणावं.

आणि तो खरंच आला. पिशवीत कॅलिपर, अंगात साधा शर्ट, चेहरा थकलेला. भांडायला आलेला माणूस असा दिसत नाही, हे वहिनींना खटकलं. तो दाराशीच उभा राहिला आणि शिकाऊ मुलांशी बोलावं तसं सावकाश बोलू लागला. एक मुलगी चालवत होती, तो शेजारी बसला होता. गाडी एका बाजूला ओढत होती, जड चालत होती. त्याला वाटलं, हिने ब्रेकवर पाय ठेवलाय. तो तिला ओरडला. ती रडवेली होऊन म्हणाली, माझा पाय नाहीये. तो पुन्हा ओरडला. मग जळका वास आला, पुढच्या चाकातून धूर निघाला आणि दोघांनी गाडीतून उड्या मारल्या.

"ताई, ती मुलगी खरं बोलत होती," तो म्हणाला. "तेव्हापासून ती गाडीत बसलेली नाही. म्हणून म्हटलं, आत काय आहे ते स्वतः बघून जावं."

बघाच, असं म्हणून वहिनींनी कॅलिपर शिकंज्यात आवळला. याचं तोंड कायमचं बंद करायचं, याच ईर्षेने त्यांनी हवेची नळी लावली. एरवी हवेने पिस्टन टुणकन बाहेर येतो. हा जागचा हलेना. त्यांनी दाब वाढवला, मग ओढून काढला, आणि खाचेत आकडा घालून सील उचललं. ते सील म्हणावं असं राहिलंच नव्हतं. भिजवलेल्या मनुकेसारखं मऊ आणि फुगलेलं, खाचेत परत घालायला गेलं तर मावेना. त्यांनी शेजारी नवं सील ठेवलं. दोन्ही एकाच पाकिटातली आहेत यावर लहान मुलानेसुद्धा विश्वास ठेवला नसता.

दीर हुशार, त्याने लगेच वाट काढली. तुम्हीच ब्रेक ऑइलमध्ये भलतंसलतं काही ओतलं असणार, तो म्हणाला. वहिनींनाही हायसं वाटलं, त्यानेही रबर फुगतं. ड्रायव्हिंगवाल्याने मान हलवली. दुसऱ्या चाकाला त्याच टाकीतलं ऑइल जातं, त्या चाकावर कंपनीचाच जुना कॅलिपर आहे, आणि तो उत्तम चालतोय.

इतका वेळ दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. ते उठले, त्यांनी ते सील आखडलेल्या बोटांत धरून दाबलं, उजेडात धरलं, हुंगलं.

"साधं ग्रीस लागलंय याला," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "अगं, किती वेळा सांगितलं तुला? रबराला साधं ग्रीस दाखवायचंसुद्धा नाही. एवढं एक लक्षात राहू नये?"

परक्या माणसासमोर दादा असे कधी बोलले नव्हते. वहिनींना तोंडात मारल्यासारखं झालं. पण दादा चुकत नव्हते, त्यांनी नुसत्या बोटांनी आजार ओळखला होता. वहिनींनी डबा उचलून नाकाशी नेला. तोंडाला पट्टी आणि हातात मोजे घालून काम करायचं, त्यात नवऱ्याने भरून ठेवलेला डबा, तो बायको कशाला हुंगत बसेल? एरंडेलाचा वास नव्हता. खनिज तेलाचा उग्र दर्प होता. विकणाऱ्याने भेसळ केली, त्या म्हणाल्या, आणि दिराने तिथल्या तिथे त्या विकणाऱ्याला फोन लावायला घेतला. वहिनींनी डबा खरवडून रिकामा केला, पेट्रोलने धुतला, फडक्याने कोरडा केला आणि दादांच्या हातात दिला. मागे न उघडलेलं लाल ग्रीस आहे, त्यातलं भरून आणा म्हणाल्या.

दादा डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, टेबलावरून वहिनींना आतलं सगळं दिसत होतं. आत फळीवर रबराचं लाल ग्रीस होतं आणि खाली जमिनीवर दिराची मोठी बादली. त्याने तीन-चार महिन्यांपूर्वी चाकांच्या बेअरिंगचं काम सुरू केलं होतं, त्याचं ग्रीस. तेही लालच. बादलीवर वीतभर अक्षरांत 'बेअरिंग' असं लिहिलेलं होतं, आणि ते ग्रीस कशासाठी वापरायचं हे दादांनीच दिराला बादली दुकानात ठेवताना समजावून सांगितलं होतं.

दादा फळीकडे बघत थोडे थांबले. मग वाकले, बादलीचं झाकण काढलं आणि लाकडी पट्टीने डबा भरू लागले. घाई नाही, गोंधळ नाही. एक गाणं गुणगुणत होते. काठोकाठ भरून त्यांनी वरून सपाट केलं, कडेला लागलेलं पुसून घेतलं, आणि येऊन डबा वहिनींच्या उजव्या हाताशी ठेवला.

वहिनी त्या डब्याकडे बघत राहिल्या. आत्ता, याच जागेवर उभा राहून हाच माणूस त्यांना रागावला होता. तेच ज्ञान, तोच दरारा, शब्दसुद्धा तेच जुने. आणि मधल्या चार पावलांत ते सगळं कुठे गेलं होतं? गेल्या काही महिन्यांत दादा दुकानाच्या किल्ल्या शोधत बसायचे, एकदा टायरवाल्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली होती, आणि वहिनी त्यावरून त्यांची थट्टा करत होत्या. आता त्या थट्टेची त्यांना भीती वाटली. मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि ती पहिलीहून वाईट होती. बादली आल्यापासून त्यांनी जोडलेला प्रत्येक कॅलिपर याच डब्यातून गेला होता. ते सगळे आत्ता कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर कुणाच्या तरी पायाखाली होते.

त्यांनी मान वर केली. ड्रायव्हिंगवाला दाराशी होता, तिथून मागची खोली सरळ दिसते. दुसऱ्याच्या हातापायांवर नजर ठेवण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा दादांकडे, आणि तो जमिनीकडे बघू लागला.

दीर फोनवर विकणाऱ्याला झापत होता. वहिनींनी त्याला हाताने थांबवलं.

"ठेवा तो फोन, भावजी. त्याची काही चूक नाही. ग्रीस मी चुकीचं लावलं."

दीर त्यांच्याकडे बघतच राहिला. या घरात आल्यापासून वहिनींनी माझं चुकलं असं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने काही विचारायला तोंड उघडलं, पण वहिनी सांगू लागल्या होत्या आणि त्याला ते वेबसाइटवर टाइप करावं लागलं. आमचे ब्रेक लावलेली गाडी बाहेर काढू नका. चूक आमच्या दुकानाची आहे. बेअरिंगची बादली आल्यापासून गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आजच फोन करायचा, आणि विक्री बंद. किती दिवस, असं दिराने विचारलं. ते वहिनींना सांगता आलं नाही.

ड्रायव्हिंगवाल्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. त्याने दादांना नमस्कार केला आणि तो निघून गेला.

दादा बायकोजवळ आले. तिचे डोळे भरलेले पाहून त्यांना आपल्या मघाच्या बोलण्याचं वाईट वाटलं. आखडलेला हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला.

"जाऊ दे गं. चुकतं माणूस," ते म्हणाले. "उद्यापासून ग्रीसवर मी स्वतः लक्ष ठेवतो."

"हो," वहिनी म्हणाल्या.