फिटरकाकांचं ‘मारुत’

फिटरकाकांकडे चहा प्यायलं की निघताना चमचे मोजले जात. पाहुण्यांसमोर, मोठ्याने. श्रीवर्धनच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात तोंडावर बोललो, “काका, मी मास्तर आहे, चमचेचोर नाही.” ते शांतपणे म्हणाले, “चोराला मी भीत नाही रे. विसराळू माणसाला भितो.”

हवाई दलात वीस वर्षं त्यांनी लढाऊ विमानांची दुरुस्ती केलेली. नोकरी संपवून सुपारीच्या बागेत परतले तरी गावासाठी फिटरच राहिले. ओसरीत त्यांची एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. काम संपलं की एकही लाल आकृती उघडी दिसता कामा नये. काकू त्या फळीला काकांचा देव्हारा म्हणत.

या ओसरीत तीन वर्षं ‘मारुत’ घडत होतं. काकांनी उमेदीत हात लावलेलं, आपल्याच देशात बनलेलं जेट. त्याचं तयार किट काही त्यांना मिळालं नाही, म्हणून आठवणीतून आणि दोन धूसर फोटोंवरून त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापले, त्यावरून प्लॅस्टिकची शीट. जेमतेम सव्वादोन फुटी विमान. ते शेपटीवर बसू नये म्हणून नाकात बंदरावरून आणलेल्या, मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या भरल्या. खाऱ्या दमट हवेने रंग पांढरट पडे. काका तो खरवडून पुन्हा देत. पुढे कायमच्या बंद होणाऱ्या पोटाच्या आतल्या बाजूलाही त्यांनी रंग दिला. “हे कोण बघणार?” मी विचारलं. “मी बघितलंय ना,” ते म्हणाले.

मग डोळे अधू होत गेले. बाग पुतण्याच्या हवाली करून दोघांनी पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी अकरा वाजता, शाळेत काचेच्या कपाटात ‘मारुत’ ठेवायचं होतं. प्रमुख पाहुणे माणगावहून येणार होते. गावाने आपलं विमान एकदा बघावं आणि आपण ते बघताना बघावं, एवढीच काकांची हौस उरली होती. हे सगळं मीच जुळवून आणलं होतं, आणि त्याचा मला जरा ताठाही होता.

शनिवारी आठ वाजता त्यांना आणायला गेलो तर ओसरीत काका फळीसमोर उभे. एक लाल आकृती उघडी होती. भोकं पाडायचं एक मिलिमीटरचं ड्रिल बिट, सुईएवढं.

आम्ही ओसरी झाडली. केर चाळला. काकूंनी लोहचुंबक दोऱ्याला बांधून फटीफटींतून फिरवला. नऊ वाजले, सव्वानऊ. विमानाचं पोट कालच बंद केलं होतं आणि बांधाबांधीच्या गडबडीत फळी बघायची राहिली होती. काकांनी ‘मारुत’ कानाशी धरून हलवलं. काहीच वाजलं नाही.

“बघा, आत नाहीये,” मी म्हणालो.

“रंगात चिकटलेलं वाजत नाही.” त्यांनी बारीक करवत उतरवली.

माझं डोकं फिरलं. “काका, तीन वर्षं! उद्या तुम्ही जाताय! अहो, हे काय उडणार आहे का?”

“उडणार नाही म्हणूनच उघडता येतंय,” काका म्हणाले. “हवाई दलात एकदा हत्यारांच्या मोजणीत एक पाना कमी भरला. विमान धावपट्टीकडे निघालं होतं. हात वर केला असता तर थांबलं असतं. हत्यारं पुरी असल्याच्या कागदावर माझी सही होती, मास्तर. मी हात वर केला नाही.”

“मग?”

“चाळीस मिनिटांनी ते उतरलं. वैमानिक हसत खाली आला. मग मी सांगितलं. सगळं विमान खोललं, पाना मिळाला नाही. कधीच नाही. मला शिक्षा झाली, ती भोगून संपली. पण त्यानंतर ते विमान जितक्या वेळा वर गेलं, तितक्या वेळा मी खाली उभा राहून मान वर करून बघत बसलो.”

काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. हे त्यांनाही आजच कळत होतं.

काकांनी पोटाच्या सांध्यावर करवत ठेवली. तो आवाज माझ्याने ऐकवेना. दहा वाजता ‘मारुत’चे दोन भाग टेबलावर पडले. काकांनी बॅटरीच्या उजेडात बोटाने इंच इंच चाचपला. आत काही नव्हतं. ते मटकन खुर्चीत बसले.

मी एकटाच शाळेत गेलो. शिपाई फाटकातच भेटला. “सर, पाव्हणं आलं न्हवं का! विमान कुठं हाय?” रिकाम्या कपाटाची फीत पाहुण्यांनी कापली, मुलांनी रिकाम्या काचेसमोर टाळ्या वाजवल्या. निदान नावाची पितळी पट्टी तरी लावावी म्हणून स्क्रू काढायला खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं.

काल त्याच पट्टीला भोकं पाडायला मी ते बिट नेलं होतं. न विचारता. पाच मिनिटांत परत ठेवतो म्हणून.

शाळेपासून वाडीपर्यंतची वाट मला इतकी लांब कधीच वाटली नव्हती. खोटं बोलायचा विचार आला, हेही कबूल करतो. ओसरीच्या कोपऱ्यात सापडलं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण काकांसमोर उभा राहिलो आणि तळहात पुढे केला. “माझ्या खिशात होतं,” म्हणालो. “तुमचं विमान मी मोडलं, काका.”

ते रागावतील म्हणून मी अंग चोरून उभा होतो. काकांनी बिट उचललं, डोळ्यांशी नेऊन निरखलं. मग विलक्षण हळू आवाजात त्यांनी विचारलं,

“मास्तर, तो पानासुद्धा कुणाच्या तरी खिशातच असेल, होय ना?”