पाचव्या चाकातली हवा

मंडळी, आत्ताच घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसलोय.

सकाळी मुलुंडहून मामीचा फोन आला. मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. "दहाला नेणार आहेत, लगेच निघा."

आईला घेऊन गोरेगावहून निघालो. पवईपाशी मागचा टायर पंक्चर झाला.

मी घाबरलो नाही. डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला, घामाघूम होऊन चाक बदललं. जॅक उतरवला, तर स्टेपनीही पार बसली. वाट लागली!

दर दसऱ्याला मी गाडी धुतो, हार घालतो, चारही चाकांना हळदकुंकू लावतो. पंपावरसुद्धा "चारों चेक कर" एवढंच सांगतो. डिकीत सामानाखाली पडलेल्या पाचव्या चाकाकडे पाच वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं यार.

गाडी तिथेच सोडली. ऑफिसची वेळ, रिकामी रिक्षा मिळेना. पोचलो तेव्हा शेजारणी मामाकडची फरशी धूत होत्या.

मामी रडत म्हणाली, "ताई, अर्धा तास थांबलो होतो तुमच्यासाठी."

उद्या खाली गेलात की डिकी रिकामी करा आणि स्टेपनी दाबून बघा. प्लीज.

संध्याकाळी पंक्चर काढून गाडीने परत आलो. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. बिल्डिंगखाली उतरताना तिने फक्त एवढंच विचारलं, "आता भरलीस ना रे हवा?"