जावयाच्या हातातलं आलं

संध्याकाळी भजनी मंडळांची स्पर्धा, मुख्य गाणं आमच्या हिच्याकडे, आणि हिचा घसा सकाळपासून बसलेला. काढ्याचं पाणी गॅसवर खळखळत होतं. घरात आल्याचा एकच तुकडा होता आणि तो जावयांच्या हातात होता.

किसणीजवळून त्यांनी तो सहज उचलला होता. “जिंजर! मूळ शब्द आपला बरं का. संस्कृतात शृंगवेर, पालीत सिंगिवेर, तिथून ग्रीक, मग लॅटिन, मग इंग्रजी.” दर भाषेला तो तुकडा हवेत वीतभर पुढे सरकत होता. काही अभ्यासक हा शब्द मुळात दक्षिणेतला मानतात, हे मी वाचलं होतं. पण तसं म्हटलं असतं, तर प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता.

जावयाच्या हातातून वस्तू काढून घ्यायची आमच्याकडे रीत नाही. मुलगी तेवढी डोळे वटारत होती. मला त्या शब्दाचंच कौतुक वाटलं. व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या तोंडून तो गुपचूप समुद्रापार गेला. त्याची मिरवणूक निघाली ती आता, आमच्या स्वयंपाकघरात.

शेवटी ही घोगऱ्या आवाजात म्हणाली, “जावईबापू, शब्द विलायतेला पोचला असेल तर आलं इकडे द्या. मला सहाला गायचंय.”

त्यांनी ओशाळून आलं दिलं. पातेल्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं. हिने आलं किसून घातलं आणि मिरीच्या डबीसाठी हात पुढे केला.

डबी जावयांच्या हातात होती. “आता मिरीचा हा इंग्रजी पेपर शब्द घ्या...”