यमुनाबाईंच्या वहीतलं सरगूर

यमुनाबाई जाधव यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चुकलो होतो, आणि ते त्यांनी मला चारचौघांत सांगितलं. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला समजतं. पण यमुनाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी खरं तेच लिहावं, अशी संपादकांची सूचना आहे, आणि खरं तेवढंच आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर आतून, बारीक नळी घालून उपचार करणं हे माझं काम. त्यासाठी म्हैसूरच्या आमच्या रुग्णालयात रुजू झालो, तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. त्यामुळे म्हैसूरच्याच मेटगळ्ळी भागातले गोविंदराव पवार दाखल झाले, तेव्हा मराठी बोलणारा रुग्ण मिळाला म्हणून मला बरं वाटलं. गोविंदरावांचं लेथचं वर्कशॉप. काम करता करता डोक्यात असह्य कळ उठली आणि ते जागीच बसले. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. आम्ही तो आतून बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तपासायला गेलो. उशाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बोट करून विचारलं, ‘‘ह्या कोण?’’

‘‘सरगूर,’’ गोविंदराव म्हणाले.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. सरगूर हे गावाचं नाव आहे, एवढं मला ठाऊक होतं. शिवाय त्यांचं मराठी मध्येच कन्नडमध्ये शिरत होतं आणि परत बाहेर येत होतं. मी केसपेपरवर ‘बोलण्यात गोंधळ’ असं लिहिलं आणि तातडीचा स्कॅन सांगितला. तेवढ्यात गोळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डच्या मुख्य परिचारिका, म्हणजेच यमुनाबाई, आल्या. त्यांनी केसपेपर वाचला.

‘‘डाक्टर, गोंधळ त्यांचा नाही, तुमचा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्या लक्ष्मीबाई, त्यांच्या बायको. माहेर सरगूरचं. लग्न झाल्यापासून हे त्यांना सरगूरच म्हणतात, अल्वा, हो ना? मत्ते, आणि आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांतनं असंच बोलतात, स्वल्प इकडचं, स्वल्प तिकडचं.’’

स्कॅन होऊन गेला. त्यात काही निघालं नाही. मी तेव्हा ओशाळलो नाही, चिडलो. ओशाळायला मला पुढे आठवडाभर लागला.

यमुनाबाईंचं घर म्हैसूरच्या चामराजपुरम भागातलं. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते. ‘‘त्यांनी घोडे सांभाळले, मी डाक्टर सांभाळते,’’ असं त्या सांगतात, आणि दोहोंत अधिक अवघड काय ते सांगत नाहीत. सगळा वॉर्ड त्यांना यमुनक्का म्हणतो. त्यांचं मोठं काम एका साध्या वहीत आहे. ते काय, हे कळण्यासाठी या आजाराविषयी थोडं सांगावं लागेल.

फुगा बंद झाला की नातेवाइकांना वाटतं, संपलं. तसं नसतं. सांडलेलं रक्त मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती साचून राहतं आणि त्यामुळे साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत त्या वाहिन्या आखडू शकतात. आखडल्या की पुढच्या भागाला रक्त कमी पडतं. वेळेत लक्षात आलं तर रक्तदाब वाढवून, वाहिनीतच औषध सोडून, किंवा नळीच्या टोकाला बसवलेला लहानसा फुगा आत नेऊन, तो फुगवून ती रुंद करता येते. उशीर झाला तर वाचा जाते, हातपाय जातात. ‘ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग घरी का सोडत नाही?’ असं विचारणाऱ्यांना यमुनाबाईंचं उत्तर ठरलेलं असे: ‘‘नल्ली, नळाची तोटी, दुरुस्त झाली, पण पाईप अजून रागात आहे. पंधरा दिवस त्याची समजूत काढायची.’’

या दिवसांत दर चार तासांनी एक गोळी द्यावी लागते. गोळी कोणीही देतं. यमुनाबाई गोळीबरोबर प्रश्न देत. रुग्ण आला की त्या घरच्यांना घेऊन बसत आणि विचारत: हे घरी कसे बोलतात? बायकोला काय म्हणतात? कुठला शब्द सारखा तोंडात असतो? तक्रार कशाची करतात? ते सगळं वहीत प्रत्येकाच्या पानावर उतरे. त्याला त्यांनी ‘घरचं पान’ असं नाव दिलं होतं, आणि दर गोळीच्या वेळी रुग्णाचं बोलणं त्या त्याच्याशी ताडून बघत. डॉक्टर रुग्णाला आज वार कोणता ते विचारतात. तो निरोगी माणसालाही कधी कधी सांगता येत नाही. घरच्या पानावरचं मात्र कोणी विसरत नाही. अडचण एकच होती, त्या मराठी लिहीत कन्नड लिपीत, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

गोविंदरावांचा सातवा दिवस. सकाळच्या फेरीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘ह्या कोण?’’

‘‘बायको,’’ ते म्हणाले. बरं वाटतंय का? ‘‘बरं आहे.’’ झोप लागली? ‘‘बरं आहे.’’

ना गाव, ना कन्नड. मला समाधान वाटलं आणि मी केसपेपरवर ‘सुधारणा’ असं लिहिलं. तो केसपेपर अजून आहे. मी अधूनमधून काढून बघतो.

दुपारी बाराची गोळी घेऊन यमुनाबाई आल्या. लक्ष्मीबाई दाराशीच भेटल्या. थोड्या लाजत, थोड्या हसत म्हणाल्या, ‘‘अक्का, आज मला बायको म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, नोडि, बघा.’’

यमुनाबाईंनी ट्रे तिथेच खाली ठेवला. आत जाऊन विचारलं, ‘‘गोविंदराव, हिचं गाव कुठलं?’’ त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, ‘‘बरं आहे.’’ यमुनाबाईंनी त्यांना डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा हात हळूहळू खाली येऊ लागला. मी पोचलो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘डाक्टर, सरगूर गेलं.’’

स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूची मुख्य वाहिनी दोऱ्याएवढी झालेली दिसली. मी लक्ष्मीबाईंना उपचार समजावून सांगितला, त्यातला धोकाही सांगितला. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, ‘‘मला परत सरगूर म्हणायला पाहिजेत ते. इन्नेनू बेड, दुसरं काही नको.’’ अशी मागणी माझ्याकडे त्याआधी कोणी केली नव्हती. मला तिची भीती वाटली.

जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेली. तिच्या टोकाचा फुगा आखडलेल्या जागी नेऊन बेताने फुगवला, पुढच्या बारीक फांद्यांत औषध सोडलं. वाहिनी उघडली. पण उघडलेली वाहिनी म्हणजे परत आलेला माणूस नव्हे. संध्याकाळी गोविंदराव बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यमुनाबाई गोळी घेऊन गेल्या, मीही मागोमाग गेलो. लक्ष्मीबाईंनी लोट्यातली कॉफी चमच्याने त्यांच्या ओठांना लावली. गोविंदरावांनी तोंड वाकडं केलं.

‘‘सरगूर,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘काफी तण्णगे झालीय. मत्ते गरम करून आण.’’

लक्ष्मीबाई लोटा घेऊन बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी केसपेपरवर लिहिलं, ‘बोलणं घरच्यासारखं.’ यमुनाबाईंनी ते वाचलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. गोविंदरावांच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही थोडी उशिरा वळतात. लेथ ते चालवतात.

त्याच आठवड्यात मी यमुनाबाईंकडे कन्नड अक्षरं शिकायला लागलो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या मला गिरवायला लावत आणि चुकलं की ‘‘सरी, ठीक, पुन्हा’’ म्हणत. माझी पत्नी म्हैसूरला आली तेव्हा तिला इथे कोणी ओळखीचं नव्हतं. यमुनाबाई सलग तीन रविवार घरी आल्या, तिला बाजार दाखवला, आणि जाताना माझ्याविषयी बरंच काही विचारून गेल्या. तेव्हा मला ते साधं अगत्य वाटलं.

यमुनाबाई कधी चुकत नाहीत असं नाही. एकदा चामराजपुरमच्याच एका आजी सकाळपासून बोलेनाशा झाल्या, म्हणून त्यांनी मला धावत आणलं. स्कॅन स्वच्छ निघाला. आजी सुनेवर रागावल्या होत्या. यमुनाबाईंनी आजींची माफी मागितली आणि त्यांच्या घरच्या पानावर ‘रागावल्यावर बोलत नाहीत’ अशी नोंद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘आयतु, झालं. आज गोंधळ माझा.’’ भेट देणाऱ्या नातेवाइकांशी त्या फार कडक वागत, हेही इथे सांगितलं पाहिजे. भेटीची वेळ संपल्यावर आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी दारातून परत पाठवलं होतं.

गेल्या महिन्यात निवृत्त होताना त्यांनी वह्या माझ्या हवाली केल्या. शेवटच्या वहीत एक पान माझ्या नावाचं निघालं. कन्नड अक्षरांत, अडखळत, पण वाचता आलं: ‘थकले की गप्प बसतात. चुकले की चिडतात, आठवड्याने कबूल करतात. तिसऱ्या वर्षापासून आमच्यासारखं अल्वा म्हणतात.’ ते तीन रविवार कशासाठी होते, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मीही त्यांच्या नजरेखाली होतो, याचं मला फार बरं वाटलं.

वह्यांत त्यांचं स्वतःचं पान मात्र कुठेच नव्हतं. ते मी लिहिलं आहे, त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांत. चुका असतील. ‘यमुनाबाई जाधव. बोलणं: स्वल्प इकडचं, स्वल्प तिकडचं, न थांबता. डॉक्टरांना म्हणतात: गोंधळ तुमचा आहे. यात काहीही बदल दिसल्यास मला ताबडतोब कळवावे.’ यमुनाबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि असा निरोप मला कधीही न येवो.