बाथरूमचा रेडिएटर

एका ऑफिसात चार मराठी माणसं असली की किस्से साठायला वेळ लागत नाही. आम्ही नेदरलँड्समध्ये आर्नहेमला एक ॲप बनवत होतो, घर गरम ठेवायला कुठल्या खोलीला केवढा रेडिएटर लागेल ते सांगणारं. लॉकडाऊन लागला, सगळे घरोघरी कोंडले गेलो, तरी किस्से काही थांबले नाहीत. आता मात्र ते सांगायला बसलं की हसू अर्ध्यावरच अडतं.

*

नीरजाने टेस्टिंगसाठी स्वतःच्या हॉलची मापं टाकली. उंची साडेआठ! बिचारीने फुटात मोजली होती, ॲपने मीटर धरले. रेडिएटरचा आकडा बघून आमचा डच मॅनेजर म्हणाला, "नीरजा, तू चर्चमध्ये राहतेस का?"

*

आमच्यातल्याच शिरीषची आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. एका ऑनलाइन मीटिंगमध्ये ती स्वेटर, शाल, कानटोपी अशा अवतारात कॅमेऱ्यात डोकावली. "या साहेबांना सांग, माझ्या खोलीत हातपाय गार पडतात."

मॅनेजर हसून म्हणाला, "बेडरूमला अठरा डिग्री पुरे. तब्येतीला चांगलं असतं."

शिरीषने आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "मग यांनाच म्हणावं, या इथे झोपायला!"

शिरीष मॅनेजरला म्हणाला, "ती थँक यू म्हणतेय."

*

आमच्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त ऊब बाथरूमला मिळायची. शिरीषने आईच्या खोलीची मापं टाकली आणि खोलीचा प्रकार निवडला, बाथरूम! झाला की मोठा रेडिएटर मंजूर. दुकान आमच्या ॲपच्या हिशेबानेच माल द्यायचं, त्यामुळे ऑर्डरही बाथरूमच्या नावानेच गेली.

"आईला सांगू नकोस हं," तो मला म्हणाला, "बाथरूममध्ये झोपवलं म्हणून ओरडेल."

*

थंडी आली, रेडिएटर येईना. कोविडमुळे माल कमी पडत होता. दुकानदार म्हणाला, "आधी बेडरूमवाले. बाथरूम काय, थांबू शकतं!"

खरं सांगितलं तर पुन्हा हिशेब करून लहान रेडिएटर पाठवतील, या भीतीने शिरीष गप्प बसला. मला त्याचा अजून राग येतो आणि कीवही त्याचीच येते.

*

आईला कोविड झाला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना ती म्हणाली, "अरे, या गाडीत किती छान ऊब आहे!"

शिरीषला सोबत जाऊ दिलं नाही. आई परत आलीच नाही, हॉस्पिटलमध्येच वारली.

*

त्यानंतर मी एकदा त्याच्याकडे जेवणाचा डबा घेऊन गेले होते. तेवढ्यात फिटर रेडिएटर घेऊन आला. "बाथरूम कुठे आहे?"

शिरीषने आईची खोली दाखवली. पलंगावर तिची शाल घडी करून ठेवलेली होती.

फिटरने एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा रेडिएटरकडे. "ही तर बेडरूम आहे. इथे एवढा मोठा कशाला?"

शिरीष म्हणाला, "आईला थंडी वाजते."