बुढीचा दगड

आमच्या खोऱ्यात पाहण्यासारखं काही नाई. दोन्हीकडं डोंगर, मधात नाला, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, अन् उन्हाळ्यात पाखरूही बाहेर निघत नाई असं ऊन. या खोऱ्याचं पर्यटनवाल्या साहेबानं 'झाडीपट्टीतलं स्कॉटलंड' करून टाकलं. म्या विचारलं, हे काय होय? म्हणे, थंड देश आहे, तिथंही असंच खोरं असतं. डोक्याले ओला दुपट्टा बांधून सांगून राह्यला होता.

साहेब पुण्याकडला. गावात रिकामा म्हातारा मीच, म्हणून त्याले फिरवाले मले धाडलं. पडका कोंडवाडा पाहून तो म्हणाला, "अरे वा, किल्ला!"

"किल्ला नाई साहेब, यात माही म्हैस दोनदा कोंडली होती."

त्यानं लिहून घेतलं: येथे शत्रूंना कोंडत असत.

मग घाटीतला काळा दगड आला. माही बायको मोहफुलाचं टोपलं आणताना त्याच्यावर दम खाये. दगड एकाच माणसापुरता. मी म्हणो, "सरक जराशी." ती म्हणे, "तुमच्या डोक्यावर काय ओझं आहे? उभे राहा." तिले जाऊन दोन वर्षं झाली. तवापासून रोज सकाळी मी तिथी जाऊन बसो. आता दगड सगळा माहाच होता, पण बसो अर्ध्यावरच.

"इथे काय आहे?" साहेबानं विचारलं.

"इथी बुढी बसे."

आमच्याकडं बुढी म्हणजे बायको. साहेबानं हात जोडले.

महिन्याभरात पाटी लागली: 'जागृत बुढीमाई. शिळेवर बसू नये.' भोवती लोखंडी कठडा. मले तिथी बसणंच बंद झालं. आम्ही विहारात जाणारे लोक. जिनं जिंदगीभर कोण्या दगडाले हात जोडले नाई, तिच्यापुढं राजुऱ्याहून गाड्या करून लोक नारळ फोडून राह्यले.

एका बाईले म्या सांगितलं, "बाई, हे माही बुढी होय."

"बाबा, देवीले बायको म्हणता? जीभ झडल तुमची!"

तिच्या नवऱ्यानं हळूच विचारलं, "पावते ना पण?"

"मले चाळीस वर्षं पावली नाई, तुमाले कुठून पावल? अन् नारळ काऊन फोडता? तिले सुपारी-तंबाखूचा खर्रा लागे."

दुसऱ्या आठवड्यात दगडापुढं खर्ऱ्याच्या पुड्यांचा ढीग.

कठड्याच्या आत फक्त नवसवाल्याले सोडत. म्हणून परवा मीही चपला काढून रांगेत लागलो. पुढच्यांतलं कोणी पोरगं मागत होतं, कोणी नोकरी. माहा नंबर आला. मी वाकून म्हणलो, "सरक जराशी." अन् बसलो.

मागून कल्ला झाला. "ओ बाबा, उठा! पाटी वाचता येत नाई काय?"

चौथीपर्यंत शिकलो मी, पाटी वाचता येते.

"नाई येत," मी म्हणलो, अन् अर्ध्या दगडावर बसून राह्यलो.