आईच्या फोनवरची पिन

मी शिकलो तो थोरल्या भावामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बारावी झाल्यावर दादा फौजेत गेला आणि मला त्यानं देवळ्याहून नाशिकला भूगोल शिकायला पाठवलं. आज मी नाशिकमधल्याच अंबडच्या एका ऑफिसात संगणकावर नकाशे करतो. रस्ते, गटारी, पाण्याच्या लाइनी. घरच्यांच्या लेखी मात्र मी नकाशावाला, म्हणजे दादा कुठं आहे ते मला दिसलंच पाहिजे.

दादाची बदली सीमेवर झाली. हुकमाप्रमाणे त्यानं फोनमधलं लोकेशन बंद केलं. आईच्या फोनवरच्या नकाशात त्याचा ठिपका शेवटच्या रेल्वे स्टेशनावरच अडकला. आई विचारायची, त्याला अजून पुढची गाडी मिळाली नाही का? मी समजवायचो की फौजेत ठिकाण सांगत नाहीत, ते फुटलं तर माणसं मरतात. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून आमच्या अहिराणीत तेच, भाऊ कुठं आहे?

"तू इतला शिकना, आन तुना भाऊ कथा शे, इतलं बी सांगता येस नही?"

शेवटी मी वैतागलो. दादाच्या बोलण्यात नदीचा आवाज, लोखंडी पूल, खालच्या वस्तीतली अक्रोडाची झाडं आली होती. एका रविवारी उपग्रहाच्या चित्रांवर तीन तास घालवून मी ती जागा हुडकली. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईच्या फोनवरच्या नकाशात तिथं खुणेची पिन लावली, नाव दिलं 'दादा'. आईचे फोन थांबले.

काकांनी त्या स्क्रीनचा फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा वाघ इथं आहे.' मी काढायला सांगितलं तर म्हणाले, गावाला अभिमान वाटतो, तुझ्या पोटात का दुखतं? त्यांनी काढेपर्यंत फोटो चार ग्रुपांवर फिरला होता. शेजारच्या बागलाण तालुक्यातला एक जवान दादाच्याच युनिटात आहे. त्याला तो फोटो घरून आला आणि त्यानं नियमाप्रमाणे वरिष्ठांना दाखवला. दादाची हवालदाराची बढती अडली. ठिकाण कुणी फोडलं, याची चौकशी लागली.

दादाचा फोन आला. तो रागावलासुद्धा नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"घरात एकाला शिकवलं," तो म्हणाला, "त्यानंच मला हुडकून काढलं."

मी घरी जाऊन आईच्या फोनवरची पिन पुसली आणि त्याच दिवशी फौजी टपालाच्या, गावाचं नाव नसलेल्या नुसत्या आकड्यांच्या पत्त्यावर पत्र टाकलं:

'दादा, हे पत्र साहेबांना दाखव. त्यांना मराठी येत नसेल म्हणून मागच्या पानावर हेच हिंदीत लिहिलं आहे. तू ठिकाण सांगितलं नाहीस. नदी, पूल आणि अक्रोड मात्र बोललास, ते मी लपवत नाही. लपवलं तर आपण दोघेही खोटे पडू. तुझ्या गप्पांवरून जागा मी शोधली, पिनही मीच लावली. एवढ्यावरून जागा सापडते हे तुला किंवा आईला ठाऊक नव्हतं, मला कळायला हवं होतं. माझं नाव, ऑफिसचा पत्ता आणि फोन नंबर खाली दिला आहे. साहेब बोलावतील त्या दिवशी मी रजा टाकून येतो.'